पाच बॉक्समध्ये १३ एमएम गेले कुठं?

परभणीच्या एका भावानं विचारलंय, थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं कळंल. त्यानं १० इंची टेबल सॉ, म्हणजे टेबलातनं वर आलेल्या गोल ब्लेडनं कापणारी मशीन, घेतली आणि पहिलंच मोठं काम धरलं, किचनची एक भिंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत ३०२० एमएम. ६०० रुंदीचे पाच बॉक्स, म्हणजे कपाटाचे खोके, आणि कोपऱ्याला फट बुजवायला २० चा फिलर असा हिशोब. साईटवर पाचवा बॉक्स सरकवला तर फिलरला जागा उरली फक्त ७. त्यात सहा ड्रॉवरपैकी दोन अडकायलेत, बाकीचे चार लोण्यासारखे चालतात. आता तो विचारतोय की फेन्सला, म्हणजे फळी टेकवून सरकवायच्या आडाला, डिजिटल स्केल बसवू का, टेप भारीतला घेऊ का, की सॉच बदलू.

काहीच घेऊ नको, आधी आकडे पाहा. २० चे ७ झाले म्हणजे १३ गेले, बॉक्स पाच, म्हणजे एका बॉक्सला २.६. मी त्याला फोनवर म्हणलं प्रत्येक बॉक्स वेगवेगळा मोजून सांग, तर सगळे ६०२ च्या वर आणि ६०३ च्या आत निघाले. तिथंच मला कळलं की यात सॉचा काही दोष नाही. ढिल्या मशीननं चूक होते ना, ती अशी शिस्तीत होत नाही, एक बॉक्स ५९९ येईल, एक ६०१, एक तिरपा येईल. पाचही बॉक्स सारखेच मोठे आले म्हणजे बहुतेक कापणं बरोबर झालं, कागदावरचा आकडा चुकला. आणि ड्रॉवरचं बरोबर उलटं आहे, चार चांगले अन् दोन अडकतात, म्हणजे ही चूक विखुरलेली आहे, तिथं मशीन, टेप, हात यातलं काहीतरी हलतंय. रोग दोन आहेत भाऊ, त्याला एकच औषध शोधू नको.

पहिला रोग आधी. ६०० च्या बॉक्सचा तळ त्यानं कापला ५६४ ला, कारण १८ ची प्लाय, दोन साईड, १८ दुणे ३६, ६०० वजा ३६. हिशोब पाठ केल्यासारखा बरोबर. पण १८ ची प्लाय १८ असते का? मी दुकानातनं आलेल्या प्रत्येक गठ्ठ्याला व्हर्नियर, जाडी मोजायचं बारीक माप, लावतो, १८ च्या नावाखाली १७.३ पण पाहिलीय, १७.६ तर नेहमीचीच, आणि एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांत तीन-चार पॉईंटचा, म्हणजे ०.३-०.४ एमएमचा, फरक पडतो. मग तिला दोन्ही बाजूंनी ०.८ चा लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, चिकटवला, मधे फेविकॉलचा थर, की झाली १९.३. त्याच्याकडं उरलेला साईडचा तुकडा होता, मोजायला लावला, १९.३ च निघाला. दोन साईडचे ३८.६, त्यात ५६४ मिळव, ६०२.६. एका बॉक्सला २.६ जास्त, पाच बॉक्सचे तेरा एमएम सापडले. तळ कापायचा होता ५६१.४ ला.

हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी पण असंच तोंडावर पडून शिकलोय. जालन्यात मी सुरुवात केली तेव्हा सगळा हिशोब सुतात होता, एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३ एमएमच्या थोडं वर. आमचे मिस्त्री अर्ध्या सुतापर्यंत डोळ्यानं सांगायचे अन् ते बरोबर असायचं, कारण जागेवर उभं राहून एकेक फळी भिंतीला लावून कापायची पद्धत होती, चूक झाली की पुढची फळी तिला सांभाळून घ्यायची. आता आपण वर्कशॉपला पाचही बॉक्स बनवून टेम्पोत घालून नेतो, तिथं सांभाळून घेणारं कुणी नसतं. जुने लोक कमी अचूक होते असं नाही, त्यांचं काम चूक लपवता येईल असं रचलेलं होतं, आपलं तसं नाही.

आता ५६१.४ कापायचं तर टेपवर ते ०.४ दिसणार आहे का? नाही दिसणार, आणि बघायची गरज पण नाही. मी काय करतो, एक बरोबर ६०० ची पट्टी कापून ठेवलीय, कडक लाकडाची, तिच्यावर मोठ्या अक्षरात ६०० लिहिलंय, अशाच ४५०, ९०० च्या आहेत. तळाचा पहिला तुकडा मुद्दाम एक-दीड एमएम मोठा कापायचा, त्याला साईडचे दोन छोटे तुकडे, तेच लॅमिनेट लावलेले, जोडून सपाट टेबलावर ठेवायचे, शेजारी ६०० ची पट्टी, एका टोकाला दोन्ही एका ठोकळ्याला टेकवायचे आणि दुसऱ्या टोकावरनं नख फिरवायचं. नखाला पायरी लागते. कागदाएवढी पायरी, एक दशांश एमएम, डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागते, करून पाहा. फेन्स हलकेच सरकवायचा, परत कापायचा, परत नख. पायरी गेली की फेन्स लॉक आणि मग त्या मापाचे पाच तळ, मागच्या पट्ट्या, जे काही ५६१.४ चं असेल ते सगळं एका दमात. तो आकडा काय होता हे माहीत नसलं तरी चालतंय. मी कितीतरी किचनमधे शेवटपर्यंत आकडा पाहिलेलाच नाही.

हेच मला सांगायचंय खरं तर, बाकीचं सगळं याच्या भोवतीच आहे. नवीन माणसाला वाटतं बारीक काम म्हणजे टेप डोळ्याजवळ धरून बारीक वाचणं. मी उलटं म्हणतो, दरवेळी टेप लावली की एक चूक आत येते, म्हणून टेप जितक्या कमी वेळा लागेल तितकं काम बारीक. त्यानं ड्रॉवरच्या साईडा बारा कापल्या, त्या मी विचारल्यावर कळलं की एकेका ड्रॉवरचा सेट वेगळा कापला, एक ड्रॉवर पूर्ण, मग फेन्स हलवला, दुसरा ड्रॉवर पूर्ण. सहा वेळा फेन्स त्याच आकड्यावर आणला आणि सहा वेळा तो तिथं आलाच नाही. कटिंगची यादी बॉक्सप्रमाणे करू नको, फेन्सच्या सेटिंगप्रमाणे कर. ५५० रुंदीचं घरातलं जे जे असेल, बॉक्स कुठलाही असो, ते एकत्र. यादी विचित्र दिसते, गिऱ्हाइकाला कळत नाही, पण ती गिऱ्हाइकासाठी नसतेच.

ड्रॉवरवर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त रडारड तिथंच असते. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे ड्रॉवर ज्या सरकत्या पट्ट्यांवर चालतो त्यांना, एका बाजूला अर्धा इंच लागतो, १२.७, दोन्ही मिळून २५.४, आम्ही २६ धरतो. आतली जागा ५६४ असेल तर ड्रॉवर बाहेरून ५३८. शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या, बिजागरीला स्क्रू फिरवून इकडं तिकडं दीड-दोन एमएम खेळवता येतं, चॅनलला तसं काही नाही. ड्रॉवर एक एमएम मोठा झाला की चॅनल दाबला जातो आणि ओढताना करकर वाजतो, दोन एमएम लहान झाला की ड्रॉवर डुलतो, आणि वजन टाकल्यावर पुढनं झुकतो. म्हणून पूर्ण किचनमधे कुठं व्हर्नियर लावायची असेल तर ड्रॉवरच्या पुढच्या-मागच्या फळीला लाव. आणि दोन्ही फळ्या एकाच सेटिंगवर, एकामागोमाग. पुढची ५१० आणि मागची ५११ झाली की ड्रॉवर पाचरीसारखा होतो, पहिल्यांदा मस्त आत जातो आणि शेवटच्या दोन इंचाला अडकतो. माझा अंदाज, त्याचे दोन ड्रॉवर असेच असणार. त्यानं नंतर कळवलं, एकाला मागं दीड एमएम जास्त आहे. दुसऱ्याचं वेगळं निघालं, ते पुढं येतं.

आता टेप. टेपची पुढची आकडी हलते म्हणून पोरं तिला ठोकून फिट करतात, आमच्याकडं एकानं चक्क वेल्डिंग करून आणली होती. अरे ती मुद्दाम हलती ठेवलेली असते. आकडीच्या पत्र्याची जी जाडी तेवढंच ती सरकते, कडेला अडकवून ओढली की बाहेर येते, भिंतीला टेकवली की आत जाते, दोन्हीकडं माप बरोबर यावं म्हणून. फक्त टेप चारदा खाली पडली की आकडी वाकते अन् मग ती कुणाचीच राहत नाही. वर्कशॉपमधे मी आकडी वापरतच नाही, १०० च्या रेषेपासून मोजतो आणि खूण करताना मापात १०० मिळवतो. मिळवायला विसरलास तर फळी १०० नं छोटी होते, आणि हे प्रत्येकाकडनं आयुष्यात एकदा तरी होतंच, माझ्याकडनं तीनदा झालंय, तिसऱ्यांदा सागाच्या फळीत.

टेपवर रोमन आकडा छापलेला असतो, बहुतेक II. त्याचा अर्थ टेपला किती चुकायची मुभा आहे. क्लास II ला ३ मीटरमधे ०.९ एमएम इकडं किंवा तिकडं चालतं, क्लास I ला ०.४. म्हणजे तुझ्याकडच्या दोन टेप, दोन्ही कंपनीच्या हिशोबानं पास, तरी एकमेकींशी जवळजवळ दोन एमएमनं भांडू शकतात. म्हणून साईटचं माप ज्या टेपनं घेतलं तीच टेप वर्कशॉपला, हेल्परच्या हातात दुसरी नको. आणि ऊन. मे महिन्यात टेप गाडीच्या डिकीत ठेवतो आपण, हाताला चटका बसतो इतकी तापते. स्टील एका डिग्रीला एका मीटरमागं ०.०१२ एमएम वाढतं. टेपचं माप २० डिग्रीला धरलेलं असतं, ती ४५ ला गेली तर ३ मीटरला ०.९ एमएमची ओढ. तापलेल्या टेपवर माप कमी वाचलं जातं. एवढ्यानं किचन पडत नाही म्हणा, पण भिंतीचं माप दुपारी दोनला घेतलं अन् कटिंग सकाळी सातला केलं की हा एक एमएम कुठनं आला म्हणून डोकं खाजवत बसतो माणूस. पाच मिनिटं सावलीत ठेव टेप, तेवढ्यात चहा होतो.

मग सॉवर. फेन्सच्या पट्टीवर जो स्केल असतो त्याचा शून्य ब्लेडवर ठरतो. तू ३.२ कापणारं ब्लेड काढून २.४ वालं बसवलंस की शून्य सरकला, आकडा वाचायची काच तशीच, आकडे तसेच, पण सगळं खोटं. ब्लेड बदललं की एक फालतू तुकडा काप, त्याला व्हर्नियर लाव, आणि जो आकडा येईल तिथं काचेची रेघ आणून स्क्रू आवळ. मी स्केल जवळपास जायला वापरतो, पक्कं माप पहिल्या तुकड्यावरनं.

फेन्सपासून ब्लेडपर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजायचं असेल तर ब्लेडच्या पत्र्यापर्यंत मोजू नको. दाताची टिकली पत्र्यापेक्षा रुंद असते, ३.२ च्या ब्लेडचा पत्रा साधारण २.२ चा, म्हणजे दर बाजूला अर्धा एमएम बाहेर. त्यात दात एकाआड एक घासलेले असतात, एकाचं टोक डावीकडं एकाचं उजवीकडं, तर फेन्सच्या बाजूला टोक असलेला दात बघायचा आणि त्यालाच मार्करनं ठिपका द्यायचा.

आणि प्लग काढायचा. स्विच बंद नाही, प्लग. हे मी कुणालाही दोनदा सांगतो कारण माझी चार बोटं वाचलीयत नशिबानं. लोडशेडिंगचे दिवस होते, सहा-सहा तास लाईट नसायची. कापता कापता लाईट गेली, ब्लेड थांबलं, मी म्हणलं चला तोवर फेन्सचं माप बघून घेऊ, स्विच तसाच चालू राहिलेला, डोक्यातनंच गेलं. पट्टी लावली, दाताला बोट लावून ब्लेड थोडं फिरवलं, ठिपका दिला, हात मागं घेतला, बिडीवाल्या काकांशी दोन शब्द बोललो आणि लाईट आली. ब्लेड सुईंकन फिरलं. पट्टी उडून पत्र्याला लागली, तिचा खड्डा अजून पत्र्यावर आहे. काका म्हणले, "काहून रे, भूत बघितल्यासारखा झाला?" मला दोन मिनिटं बोलता येईना. दुसऱ्या दिवशी एनव्हीआर स्विच बसवला, लाईट गेली की तो आपोआप पडतो आणि परत आली तरी हिरवं बटन दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. डिजिटल स्केलच्या आधी तो घे. आपल्याकडं दिवसातनं चारदा लाईट जाते, मराठवाड्यात टेबल सॉ त्याच्याशिवाय विकूच नये असं माझं मत आहे.

आता दुसऱ्या ड्रॉवरचं. त्यानं फोटो पाठवला, ड्रॉवरच्या फळीची कड एका टोकाला करपलेली अन् वरच्या लॅमिनेटच्या कपच्या उडालेल्या. खालच्या बाजूच्या कपच्या समजू शकतो, दात खाली जाताना तिथनं बाहेर पडतात. वरच्या बाजूला कपच्या म्हणजे ब्लेडचा मागचा भाग, जो खालून वर येतो, तो फळीला घासतोय. म्हणजे ब्लेड आणि फेन्स एकमेकांना समांतर नाहीत. असं असलं की तू पुढं कितीही बारीक माप लाव, फळी आत सरकता सरकता तिचं माप बदलत जातं.

हे तपासायला महागाचं काही लागत नाही. मायटर गेज, फळी आडवी कापायचा सरकता टेका, टेबलाच्या ज्या खाचेत चालतो त्या खाचेत घट्ट बसंल अशी लाकडाची पट्टी घे, तिच्यावर आडवी एक काडी ठोक, काडीच्या टोकाला स्क्रू. ब्लेड पूर्ण वर कर, प्लग काढलेला आहेच, ठिपक्याचा दात पुढं आण, स्क्रू फिरवून दाताला जेमतेम टेकव, इतका की ब्लेड हलवलं की हलकं खुर्र वाजावं. मग तोच दात मागं फिरव, पट्टी मागं सरकव आणि ऐक. तोच दात, हे महत्त्वाचं, वेगळा दात घेतलास तर ब्लेडचा स्वतःचा डगमगाट मोजशील. मागं आवाजच आला नाही किंवा स्क्रू अडकला तर ब्लेड तिरकं आहे.

मी बरीच वर्षं या स्क्रूवरच काम चालवलं. मग माझा मावसभाऊ, तो वाळूजला एका टूलरूममधे आहे, एका दिवाळीत आला आणि माझं ते खुर्र ऐकून हसला. पुढच्या खेपेला त्यानं जुना डायल गेज, काट्यानं शतांश एमएम दाखवणारं घड्याळ, आणि चुंबकाचा स्टँड आणून दिला. त्यांच्याकडं एक शतांश एमएमला लोक तासभर वाद घालतात. आम्ही लावला, माझी सॉ, जिच्यावर मी इतकी किचनं कापली, ती पुढनं मागं ०.६ फिरलेली. तो म्हणला, "दादा, आमच्याकडं एवढ्यावर पार्ट भंगारात जातो." मी म्हणलं आमच्याकडं एवढ्यावर लोक जेवण घालतात. पण रात्री झोप लागली नाही. सकाळी टेबलाखालचे बोल्ट ढिले करून, लाकडी ठोकळा लावून हातोडीनं टिचक्या मारत मारत दोघांनी ते ०.०५ वर आणलं. बोल्ट आवळताना परत हलतं, ते धरून तीन तास गेले. त्या दिवसापासून करपणं बंद. संभाजीनगर, जालन्याला एमआयडीसीत कामाला जाणारं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या घरात आहे, एका रविवारासाठी डायल गेज मागून आण, विकत घ्यायची गरज नाही.

आधी ब्लेड खाचेला समांतर, मग फेन्स खाचेला. फेन्स अगदी समांतर किंवा मागच्या टोकाला किंचित उघडा, ०.०५, फार तर ०.१. मागं बंद होत गेलेला फेन्स कधीच नको, फळी ब्लेड अन् फेन्सच्या मधे दाबली जाते आणि ब्लेड तिला उचलून तुझ्या पोटात मारतं. रायव्हिंग नाईफ काढून ठेवलेली असते बऱ्याच जणांनी, ब्लेडच्या मागची ती पाती, ती बसव परत.

काटकोनाचं थोडं सांगतो. गुण्या नवीन असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नको. सरळ कडेला टेकवून बारीक पेन्सिलनं रेघ मार, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतनं परत रेघ मार, दोन रेघा फाकल्या तर गुण्या खोटा. माझ्या पेटीत तीन गुण्ये आहेत, खरा एकच, त्याच्यावर खिळ्यानं फुली मारलीय.

स्लेडचा, म्हणजे फळी ठेवून ब्लेडवरनं सरकवायच्या पाटाचा, काटकोन मात्र गुण्यानं बघत नाही, पाच कट मारून बघतो. साधारण ५०० चौरस तुकडा घे. एक बाजू काप, ती कापलेली बाजू स्लेडच्या पाठीला टेकवून पुढची काप, असं फिरवत चार बाजू झाल्या की पाचवा कट पहिल्याच बाजूवर परत, पण यावेळी १२-१५ एमएमची पट्टी निघंल एवढा. त्या पट्टीची दोन टोकं व्हर्नियरनं मोज. समज एक टोक १४.२ आलं आणि दुसरं १३.४. फरक ०.८. पण ही चूक चार वेळा फिरून साठत आलीय म्हणून चारनं भाग, ०.२. म्हणजे ५०० लांबीत तुझा स्लेड ०.२ नं तिरका. एका टोकाचा स्क्रू खिळीसारखा धरून दुसरं टोक हलवायचं, ते ४०० वर असेल तर ०.१६. आता ०.१६ हलवायचं कसं? बाईकच्या मेकॅनिककडं टॅपेट सेट करायचा फिलर गेज असतो ना, पात्यांचा जुडगा, त्यातली ०.१५ ची पाती ठोकळा आणि स्लेडच्या पाठीमधे घालून आवळ. हे मी शेजारच्या गॅरेजवाल्याकडनं उचललंय, त्याचा जुडगा अजून माझ्याकडंच आहे.

स्लेडवर सारखे तुकडे कापायचे तर ठोकळा स्लेडलाच लाव. फेन्सला तुकडा टेकवून मायटर गेजनं आडवा कापतात बरेच जण, माप पटकन मिळतं म्हणून, ते करू नको, कापलेला तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मधे अडकतो अन् फिरून येतो.

पूर्ण शीटचं म्हणशील तर ८ बाय ४, २४४० बाय १२२०, एकट्यानं त्या छोट्या टेबलावर चढवणं म्हणजे सर्कस. शीट एका बाजूला लोंबली की फेन्सपासनं सुटते आणि माप गेलं. मी खाली जमिनीवर जुन्या फळ्या टाकून हातातल्या कटरनं १० एमएम मोठे मोठे तुकडे पाडतो आणि मग सॉवर पक्कं माप. कंपनीच्या कडेला सरळ समजू नको, पहिली कड आपली स्वतःची पाड.

आणि हे सगळं बारीक कुठं लावायचं ते पण सांगतो, नाहीतर लोक फिलरला पण व्हर्नियर लावतात. बॉक्सच्या रुंदीला अर्धा एमएम, ड्रॉवरला त्याच्याही आत, एका रांगेतल्या शटरांच्या उंचीला तर सगळे एकाच सेटिंगवर. शेल्फ सुटं असेल तर एक-दीड एमएम कमीच काप, घट्ट शेल्फ कुणालाच नको असतं. भिंतीला लागणाऱ्या पट्टीला तर काही अर्थच नाही. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात काम धर एकदा, मागच्या वर्षी एका वाड्यात भिंत खालून वर २५ एमएम झुकलेली होती, तिथं माप नाही घ्यायचं, पट्टी भिंतीला टेकवून पेन्सिलनं भिंतीचा आकार तिच्यावर उतरवायचा आणि रंध्यानं काढायचा.

आता राहिलं त्याचं बनलेलं किचन. खोलू नको भाऊ. शटर ६०० च्या हिशोबानं ५९७ चे कापलेत ना, बॉक्स झालेत ६०२.६, म्हणजे दोन शटरांमधली फट ३ च्या जागी ५.६ दिसणार, आणि ती गिऱ्हाइकाला लगेच दिसते. शटरला एज बँड, कडेला चिकटवायची पट्टी, ०.८ चा लावलाय असं त्यानं सांगितलं. उभ्या दोन कडांचा तो गरम करून काढ आणि २ चा लाव. दर कडेला १.२ वाढले, दोन्ही मिळून २.४, फट झाली ३.२. कुणाला कळणार नाही. २० च्या जागी ७ चा फिलर लागणार, तो कापताना ७ ची पट्टी ब्लेड आणि फेन्सच्या मधे ठेवून कापू नको, मोठी फळी फेन्सकडं ठेव आणि पट्टी ब्लेडच्या बाहेरच्या अंगाला पडू दे. आणि भिंतीजवळच्या त्या शटरला हँडल लावण्याआधी शटर पूर्ण उघडून बघ, ७ मधे हँडल भिंतीला लागंल, तिथं बिजागरी भिंतीच्या विरुद्ध अंगाला घे.

पाचरीसारख्या ड्रॉवरची मागची फळी नवीन काप. दुसऱ्याची, आधी ब्लेड सरळ कर मग.